झडतीची नवी लहर

नांदेड-लातूरकडच्या माणसाची अंगझडती विमानतळावर क्वचितच होते. ती होते परीक्षेच्या फाटकाशी. कोविडची वर्षं सोडली तर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आसपास येते. त्या दिवशी सकाळी अकरापासून दुपारी दीडपर्यंत या दोन शहरांतल्या शाळा-कॉलेजांसमोर रांगा लागलेल्या असतात. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळ अशा सगळीकडची मुलं इथे क्लाससाठी दोन-दोन वर्षं खोल्या घेऊन राहिलेली असतात. अर्ध्या बाह्यांचे कपडे, पायात चप्पल किंवा सँडल, मोठी बटणं नकोत, कानातलं-नाकातलं काढून ठेवलेलं, हातात हॉल तिकीट आणि पाण्याची पारदर्शक बाटली. फाटकाबाहेर आईवडील लिंबाची सावली धरून उभे असतात. आत कोणी कर्मचारी हातातला डिटेक्टर मुलाच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत फिरवतो. तो वाजला की मुलगा खिसे उलटे करून दाखवतो.

पुढच्या पानांत रडारच्या तत्त्वावर चालणाऱ्या अंगझडती यंत्रांची माहिती आहे. कपड्याखाली लपवलेली वस्तू कपडा न काढता आणि अंगाला हात न लावता दाखवणारी ही यंत्रं. त्यांच्यावरचं बहुतेक लिखाण विमानतळापासून सुरू होतं. मराठवाड्यातल्या वाचकाला झडती ठाऊक आहे ती परीक्षेची, म्हणून ही प्रस्तावना तिथून निघते. विमानतळही येईलच, नांदेडला तो आहे आणि त्याला गुरू गोविंदसिंगजींचं नाव आहे.

परीक्षेला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट का चालत नाही, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. त्याचं मूळ २०१५ सालात आहे. त्या वर्षी ३ मे रोजी झालेल्या, तेव्हा ‘नीट’च्या जागी असलेल्या अखिल भारतीय वैद्यकीय पूर्वपरीक्षेत हरियाणातल्या रोहतक पोलिसांना एक टोळी सापडली. परीक्षार्थींच्या अंगात खास शिवलेले बनियन होते, त्यांत सिमकार्डवर चालणारी यंत्रणा बसवलेली होती आणि कानात इवलासा ब्लूटूथ होता. उत्तरं बाहेरून येत होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ जूनला सगळी परीक्षाच रद्द केली आणि सव्वासहा लाखांहून अधिक मुलांना २५ जुलैला पुन्हा बसावं लागलं. कपड्यांचे कडक नियम आले ते या फेरपरीक्षेपासून. तेव्हापासून बनियन हा संशयित कपडा ठरला आणि त्याच्याबरोबर त्याच्या शेजारपाजारचे सगळेच कपडे.

आता त्या फाटकावरच्या डिटेक्टरला काय कळतं ते पाहा. त्यातली तारेची वेटोळी आपल्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. जवळ धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, ते मूळ क्षेत्रात ढवळाढवळ करतात आणि यंत्र वाजतं. बस, एवढंच. धातू आहे की नाही इतकंच त्याला सांगता येतं. तो सिमचा तुकडा आहे, जीन्सचं बटण आहे की ब्राचा हुक, याबद्दल ते काही बोलत नाही. आणि वाजल्यावर काय करायचं याचा निर्णय फाटकावरच्या माणसाकडे येतो. त्याला बहुधा सकाळीच दहा मिनिटांत काम समजावलेलं असतं आणि चूक झाली तर नोकरी जाण्याची धास्ती असते.

त्यातून काय घडतं हे २०१७ साली केरळातल्या कन्नूरमध्ये दिसलं. डिटेक्टर हुकावर वाजतो म्हणून एका मुलीला अंतर्वस्त्र काढायला लावलं गेलं. शाळेने चार शिक्षिकांना निलंबित केलं. २०२२च्या जुलैत कोल्लम जिल्ह्यातल्या आयूरला तेच अनेक मुलींच्या बाबतीत झालं, अटका झाल्या आणि त्या मुलींसाठी ४ सप्टेंबरला फेरपरीक्षा घ्यावी लागली. केरळ लांब आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकायचं कारण नाही. २०२३च्या मे महिन्यात आपल्या सांगलीत एका केंद्रावर मुलामुलींना कपडे उलटे करून घालायला लावल्याची तक्रार पालकांनी केली. शिवण वर, खिसे बाहेर, अशा अवतारात त्या पोरांनी भौतिकशास्त्राचे प्रश्न सोडवले.

यात गंमत अशी की कपडे उलटे करायला लावणाऱ्या माणसाचा विचार तर्काला धरून होता. त्याला कपड्याच्या आतली बाजू पाहायची होती. त्याच्याजवळ दुसरं साधन नव्हतं, आणि दुसरं साधन म्हणजेच या पुस्तकाचा विषय.

विद्युतचुंबकीय लहरींचा पट्टा मोठा आहे. रेडिओच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. दोहोंच्या मध्ये एक ते दहा मिलिमीटर लांबीच्या लहरींचा टापू आहे. सुती, टेरिकॉट, लोकर असं कोरडं कापड या लहरींना जवळजवळ अडवतच नाही. त्वचेत मात्र पाणी भरपूर, त्यामुळे तिच्यावर आपटून त्यांतल्या बऱ्याचशा परत फिरतात. आत शिरतात त्या जेमतेम एखाद्या मिलिमीटरच्या अंशापर्यंत. धातू त्यांना जवळपास पूर्ण परतवतो. प्लास्टिक, मेण, चिनी माती, स्फोटकाची पुडी यांतला प्रत्येक पदार्थ त्यांना आपापल्या पद्धतीने थोडं अडवतो, थोडं वळवतो, थोडं उशिरा परत पाठवतो. चहूबाजूंनी अशा लहरी सोडायच्या, परत आलेल्यांची तीव्रता आणि उशीर मोजायचा, आणि त्यावरून शरीराच्या पृष्ठभागाचा नकाशा गणिताने उभा करायचा. जिथे त्वचेची अपेक्षित गोलाई मोडते तिथे काहीतरी चिकटवलेलं आहे. तत्त्व रडारचंच, फक्त विमानाच्या जागी माणूस आणि शंभर मैलांच्या जागी हातभर अंतर.

या लहरींशी आपलं नातं जुनं आहे. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमाराला पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी स्वतः बनवलेल्या उपकरणांतून निर्माण केल्या, आणि टाउन हॉलमधल्या जाहीर प्रयोगात भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवून दाखवली. लहरींचं ध्रुवीकरण करण्यासाठी त्यांनी काय वापरलं असेल? रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक, पानांपानांत कथिलाचे पातळ पत्रे घालून! प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्या खटपटीनंतर जवळजवळ शतकभर या टापूकडे उद्योगाने फारसं लक्ष दिलं नाही, कारण इतक्या आखूड लहरी हुकमी निर्माण करणारे आणि ओळखणारे स्वस्त भाग नव्हते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात माणसाभोवती अँटेनांचे खांब फिरवून असं चित्र काढण्याचं तंत्र तयार झालं, आणि त्यातून आजची काचेच्या खोलीसारखी दिसणारी यंत्रं आली. हात वर करून उभं राहायचं, दोन खांब गर्रकन फिरतात, दोनेक सेकंदांत काम होतं. या यंत्रांच्या लहरी त्या टापूच्या कडेवरच्या, १० ते १२ मिलिमीटरच्या. जर्मन बनावटीच्या नव्या यंत्रांत खांब फिरत नाहीत. पुढे-मागे हजारो बारीक अँटेनांचे सपाट फलक असतात आणि लहर चारेक मिलिमीटरची असते. लहर जितकी आखूड तितकं चित्र रेखीव.

ही यंत्रं जगभर पोहोचली ती एका माणसामुळे. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब नावाच्या तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. ते नीट पेटलं नाही आणि सहप्रवाशांनी त्याला धरलं. स्फोटकात धातू नव्हता, त्यामुळे दारातल्या डिटेक्टरमधून तो शांतपणे आला होता. पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेने शेकडो यंत्रं बसवली, त्यांतली बरीच क्ष-किरणांची होती. या दोन जाती एकच समजून बोलण्याचा घोटाळा आपल्याकडे अजून चालतो. क्ष-किरण अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवू शकतात, म्हणून त्यांची मात्रा कितीही कमी असली तरी शंका राहते. युरोपने २०११मध्ये विमानतळांवर क्ष-किरण यंत्रं बंद ठेवली. मिलिमीटर लहरींत ती ताकद नाही, आणि यंत्र सोडतं ती शक्ती खिशातल्या मोबाइलच्या मानाने नगण्य असते. गरोदर बाई, हृदयाला पेसमेकर बसवलेले आजोबा यांची चिंता या दुसऱ्या जातीच्या बाबतीत फारशी करावी लागत नाही. तरी लोक विचारणार, आणि त्यांनी विचारावं.

मोठं भांडण झालं ते चित्रावरून. पहिल्या पिढीच्या यंत्रांत पडद्यावर माणूस उघडाच दिसत असे, राखाडी पुतळ्यासारखा, पण उघडा. शेजारच्या बंद खोलीत बसलेला कोणी तो पुतळा पाही. अंगाला हात लावायचा नाही म्हणून आणलेलं यंत्र कपडेच उतरवतं, हे लोकांना सहन झालं नाही. आपल्याकडे २०१० साली दिल्लीला चाचणी झाली, ती याच कारणाने गुंडाळावी लागली. उपाय निघाला तो संगणकाच्या आज्ञावलीतून. चित्र कुणालाच दाखवायचं नाही. यंत्रानेच ते तपासायचं आणि पडद्यावर सगळ्यांसाठी एकच, मुलांच्या चित्रकलेच्या वहीतल्यासारखी बाह्याकृती दाखवून तिच्यावर चौकोन काढायचा : डावी मांडी, उजवं मनगट, कंबर. काही नसेल तर हिरवं. अमेरिकेने सगळ्या यंत्रांना ही आज्ञावली सक्तीची केली. क्ष-किरण यंत्रांच्या कंपनीला ती वेळेत जमली नाही, म्हणून २०१३पर्यंत ती यंत्रं विमानतळांवरून उचलली गेली. तब्येतीच्या भीतीने जे झालं नाही ते लाजेने झालं, असं मी म्हणेन.

भारतात नागरी विमान सुरक्षा कार्यालयाने २०१९च्या एप्रिलमध्ये ८४ संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांना वर्षभरात अशी यंत्रं बसवायला सांगितलं. क्ष-किरण नकोत, मिलिमीटर लहरीच हव्यात, हेही स्पष्ट होतं. मुदत २०२०मध्येच उलटून गेली आणि नंतरही काम रखडत राहिलं. २०२४च्या मे महिन्यात दिल्ली विमानतळाने पुन्हा चाचणी सुरू केली तेव्हा सांगितलेले आकडे असे : वारंवारता ७० ते ८० गिगाहर्ट्झ, दर माणशी तीन सेकंद, ताशी कमाल १,२०० प्रवासी, चित्र साठवलं जाणार नाही.

तीन सेकंदांचा आकडा कागदावर खरा असेल. पण त्या तीन सेकंदांत यंत्र काय म्हणतं हेही पाहायला हवं. जर्मनीत हॅम्बुर्ग विमानतळावर २०१०च्या सप्टेंबरपासून दहा महिने चाचणी झाली. सुमारे आठ लाख प्रवासी त्यातून गेले आणि जवळपास निम्म्या वेळा यंत्राने काहीही नसताना काहीतरी आहे असं सांगितलं. कारणं काय, तर घामाचे डाग, कपड्यांच्या घड्या, एकावर एक घातलेले कपडे. जर्मन गृहमंत्र्यांनी तेव्हा यंत्रं न घेण्याचा निर्णय घेतला. पुढे यंत्रं सुधारली, आज्ञावली सुधारल्या, जर्मनीनेही ती घेतली. पण घाम म्हणजे पाणीच, आणि पाणी या लहरींना अडवतं, हे कोणतीही आज्ञावली बदलू शकत नाही.

हॅम्बुर्गला घामाने हैराण झालेलं यंत्र मे महिन्यात लातूरच्या एखाद्या शाळेच्या ओसरीत उभं करून पाहा. पारा चाळिशीच्या वर, रांगेत तासभर उभी असलेली मुलं, पाठीला चिकटलेला शर्ट. त्यात नऊवारी किंवा सहावारी साडी आणली, निऱ्यांचे पदर आणले, आजोबांचं धोतर आणि फेटा आणला, की यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक घडी ही एक शंका. भारताच्या अमेरिकेतल्या राजदूत मीरा शंकर यांना २०१० साली मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर बाजूला घेऊन अंग चाचपलं गेलं, तेव्हा कारण साडी हेच असल्याचं सांगितलं गेलं. तिथे निदान माणसाने शंका घेतली होती. यंत्राची आज्ञावली ज्यांच्या शरीरांवर आणि कपड्यांवर शिकवली गेली, त्यांच्यात धुवट साडी नेसलेल्या बायका किती होत्या, हा प्रश्न खरेदीच्या निविदेत यायला हवा. अमेरिकेत काळ्या बायकांच्या वेण्यांवर यंत्रं वारंवार खूण करतात, ही तक्रार अनेक वर्षं चालू आहे. तिथे सुरुवातीच्या यंत्रांत माणूस उभा राहिला की कर्मचाऱ्याला निळं किंवा गुलाबी बटण दाबावं लागे, पुरुष की स्त्री. तृतीयपंथी व्यक्तीच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी चौकोन यायचे. ते बटण काढून टाकण्याचं काम २०२३मध्ये सुरू होतं.

लहरी सोडायच्याच नाहीत, शरीरातून आपोआप बाहेर पडणाऱ्या लहरी फक्त टिपायच्या, अशीही यंत्रं आहेत. ब्रिटनमध्ये बनलेली अशी यंत्रं लॉस एंजेलिसच्या मेट्रोने २०१८मध्ये घ्यायचं ठरवलं. ऊबदार शरीरापुढे थंड वस्तू काळी दिसते, त्यावर सगळा खेळ. थंड हवेच्या गावात हे छान. जिथे सावलीतलं तापमानच ४२ अंश आणि अंग ३७ अंश, तिथे खिशातली वस्तू, हवा आणि माणूस यांच्यातला फरक उरतो किती? मराठवाड्यासाठी हा पर्याय मी आधीच बाजूला ठेवतो.

एक आडवाट घेतो, कारण लातूरकराला रडार म्हटल्यावर दुसरंही काही आठवायला हवं. मिलिमीटरच्या लहरी कापडाच्या पलीकडे जातात, दगडाच्या नाही. लांबी वाढवली तर लहर ढिगाऱ्यातही शिरते. चित्र धूसर होतं, पण हालचाल कळते. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेने याच तत्त्वावर सुटकेसएवढं यंत्र बनवलं, जे ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या श्वासाची आणि हृदयाच्या ठोक्याची सूक्ष्म हालचाल टिपतं. २०१५च्या नेपाळ भूकंपात चौतारा गावात त्याच्या मदतीने चार माणसं जिवंत सापडली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत माळवदाची, दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली तेव्हा असं काही हाताशी नव्हतं. दोन्ही यंत्रांचं कूळ एक आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या खरेदीत या दुसऱ्याचा विचार पहिल्याआधी व्हावा, असं माझं मत आहे.

नांदेडकडे वळायचं तर प्रश्न अगदी वेगळा होतो. तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथे गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं आणि इथेच देह ठेवला. इथे शस्त्र लपवायची गोष्टच नाही. गुरूंच्या शस्त्रांचं भाविकांना रोज दर्शन घडवलं जातं. अमृतधारी शिखाच्या अंगावर कृपाण आणि कडं असतंच. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. मग विमानात? नागरी विमान सुरक्षा कार्यालयाच्या २०२२च्या मार्चमधल्या आदेशाने देशांतर्गत प्रवासात ते अंगावर ठेवता येतं : पातं सहा इंचांपर्यंत, मुठीसकट एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. सुरुवातीला विमानतळावर काम करणाऱ्या शीख कर्मचाऱ्यांना ती मुभा नव्हती. आठवडाभरात दुरुस्ती करून तीही दिली. या सवलतीला दिलेलं आव्हान दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळलं.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतल्या अगदी पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद हे एक होतं, आणि त्याच वर्षअखेर नांदेडहून अमृतसरला थेट विमान सुरू झालं. अमृतसरच्या विमानासाठी रांगेत उभ्या असलेल्या जथ्यात दर दुसऱ्या माणसाच्या कमरेला कृपाण असणार. त्यांच्यापुढे जगातलं सर्वोत्तम रडार यंत्र ठेवलं तर ते काय करील? प्रत्येकाच्या कमरेवर चौकोन काढील. ते चुकलेलं नसेल. वस्तू खरंच तिथे आहे. मग जवान मोजपट्टी काढून पातं मोजील आणि सोडून देईल. वस्तू शोधणं आणि धोका ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. यंत्र पहिलं करतं. दुसरं सहा इंच आणि नऊ इंच अशा, माणसांनी भांडून-समजून ठरवलेल्या आकड्यांनी होतं. पगडीचंही तसंच. हरदीपसिंग पुरी संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधी असताना २०१०मध्ये ह्यूस्टनला पगडी तपासण्यावरून वाद झाला होता. कापडाचे इतके थर एकावर एक म्हटल्यावर यंत्राला ते खटकणारच, आणि खटकल्यावर पगडीला कुणी, कसा, कुठे हात लावायचा याची शिस्त आधी ठरलेली नसेल तर तीन सेकंदांच्या यंत्रापाठीमागे तासाभराचं भांडण उभं राहतं.

यंत्राला जे दिसतच नाही तेही या पुस्तकात मांडलेलं आहे, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ते सापडणार नाही. शरीराच्या आत लपवलेलं त्याला दिसत नाही. मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी मेणात कालवलेलं सोनं शरीराच्या पोकळीतून काढतात, त्याची खबर त्यांना मिलिमीटर लहरी देत नाहीत. घट्ट दुमडलेल्या कातडीच्या वळीत दडवलेलं सुटू शकतं. आणि लातूर-नांदेडला जिचं विशेष महत्त्व, ती चिठ्ठी : कोरड्या कागदाचा पातळ कपटा या लहरींच्या दृष्टीने जवळजवळ कापडच. कॉपीचा हा सर्वांत जुना प्रकार पकडायला कोट्यवधींचं यंत्र सर्वांत कमी कामाचं.

कॉपीचा बंदोबस्त यंत्राशिवाय कसा होतो हे नांदेडने एकदा दाखवून दिलेलं आहे. २०१०च्या आसपास श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना दहावी-बारावीच्या परीक्षांत कॉपीमुक्तीची मोहीम राबवली गेली आणि तिला राज्यभर ‘नांदेड पॅटर्न’ असं नाव पडलं. भिंतींवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे नातेवाईक, केंद्रावर डोळेझाक करणारे शिक्षक, आपल्या शाळेचा निकाल लागलाच पाहिजे म्हणणारे संस्थाचालक या सगळ्यांवर तिचा रोख होता. मुलाच्या कपड्यांवर फारसा नव्हता. भरघोस निकालांच्या ‘लातूर पॅटर्न’चं कौतुक पेपरांत पानभर आलं. नांदेडचा हा पॅटर्न त्या मानाने मागे पडला, याचं मला नवल वाटतं.

२०२४ साली तर फाटकावरची झडतीच विनोदी ठरली. ५ मेच्या ‘नीट’मध्ये लाखो मुलांनी कानातलं काढलं, चपला तपासून दिल्या. सीबीआयच्या तपासानुसार त्याच सकाळी झारखंडमधल्या हजारीबागच्या एका शाळेत प्रश्नपत्रिकांची पेटी उघडून पानांचे फोटो काढले गेले होते. जूनमध्ये नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात राहणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या दोघांची चौकशी केली. पैसे घेऊन गुण वाढवून देण्याचा आरोप ठेवत गुन्हा नोंदवला गेला आणि तपास सीबीआयकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द केली नाही, पण हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचं नमूद केलं. यांतल्या कोणत्याच गोष्टीत फाटकातून आत जाणाऱ्या मुलाच्या अंगावर काही नव्हतं.

तरीही बनियनचा प्रकार खरा घडलेला आहे आणि पुन्हा घडू शकतो, म्हणून झडती जाणार नाही. प्रश्न तिच्या रीतीचा आहे. अटक झालेल्या स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि सभ्यतेचं काटेकोर भान ठेवून घ्यावी, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५१व्या कलमात होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९व्या कलमातही आहे. परीक्षेला आलेली मुलगी आरोपी नाही, म्हणून हे कलम तिच्यासाठी नाही. तिला आधार आहे तो परीक्षेच्या सूचनांचा : बंदिस्त जागेत, फक्त महिला कर्मचाऱ्यांकडून. सूचना चांगली आहे. धार्मिक वा पारंपरिक पोशाख करणाऱ्यांनी लवकर येऊन झडती द्यावी, हीही तडजोड ठीक. २०१५मध्ये केरळ उच्च न्यायालयाने दोन मुलींना डोक्यावरच्या रुमालासह परीक्षेला बसू दिलं, ते याच अटीवर.

आता समजा एखाद्या उत्साही पालकमंत्र्याने लातूरच्या एका केंद्राला रडार यंत्र मिळवून दिलं. केंद्रावर ४८० परीक्षार्थी. दर माणशी तीन सेकंद धरले तर २४ मिनिटांत सगळे आत. वेळ आहे अडीच तास. पण मे महिन्याचा घाम धरून हॅम्बुर्गसारखीच निम्म्यांवर खूण झाली, तर २४० जणांना हाताने तपासावं लागेल. नीट, न घाबरवता, पडद्याआड एकाला दोन मिनिटं तरी लागतात, म्हणजे ४८० मिनिटं. अडीच तासांत ते उरकायला निदान चार माणसं हवीत, मुलींची संख्या पाहता त्यांतल्या दोन किंवा तीन बायका, आणि त्यांना हुक आणि ब्लूटूथ यांतला फरक शिकवलेला हवा. पडदे चार लागतील, पंखेही चार. पंख्याने घाम सुकला की यंत्राच्या खुणाही कमी होतील. यंत्र आलं नाही तरी एवढी तयारी येत्या मे महिन्याआधी कोणत्याही केंद्राला करता येते. पहिल्या प्रकरणात याच तयारीचा खर्च मांडलेला आहे, यंत्राची ओळख दुसऱ्यात.